कंपालाची बोडा-बोडा: आठ महिने मागच्या सीटवर

ऑफिसच्या कामासाठी युगांडाच्या राजधानीत, कंपालाला आठ महिने राहायचं ठरलं, तेव्हा बॅग भरताना घरात वाजलं ते हेल्मेटवरून. "तिकडे काय मिळत नाही का?" मिळत असेल हो, पण मला माझ्या मापाचं, आयएसआय शिक्क्याचं हवं होतं. शेवटी स्वेटरमध्ये गुंडाळून केबिन बॅगेतून नेलं.

बोडा म्हणजे मागे बसवून भाड्याने नेणारी मोटरसायकल. ती घ्यायचीच कशाला, हे आधी सांगते. कंपालात टॅक्सी म्हणजे 14 सीटांची पांढरी हायएस व्हॅन, अंगावर निळ्या चौकड्या. ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि हलली की जिंजा रोडच्या गर्दीत पुन्हा थांबते. बुकोटोहून कोलोलोला ऑफिसला जायला बोडा पंधरा मिनिटं घेते. भाडं 3,000 शिलिंग, म्हणजे तेव्हाचे साधारण सत्तर रुपये. केनियाच्या सीमेवर बुसियामध्ये दोन चौक्यांच्या मधलं अंतर सायकलवरून माणसं पोचवणारे "बॉर्डर, बॉर्डर" ओरडायचे, त्याचं झालं बोडा-बोडा. आता सायकलच्या जागी बहुतेक ठिकाणी आपल्या बजाजची बॉक्सर आहे. आपल्याकडे कधीच दिसेनाशी झालेली ही गाडी इथे चौकाचौकात उभी बघून माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

तो जिव्हाळा पहिल्याच आठवड्यात उतरला. घाईत उजवीकडून उतरले आणि पोटरी सायलेन्सरला टेकली. रुपयाएवढा डाग अजून आहे. तेव्हापासून चढायचं डावीकडून, उतरायचं डावीकडून. युगांडात वाहतूक आपल्यासारखी डावीकडून असल्यामुळे हे सोपं जातं. मधे एका सुट्टीत शेजारच्या रवांडात किगालीला गेले, तिथे सगळं उजवीकडून. म्हणजे सायलेन्सर आणि फुटपाथ एकाच बाजूला. पण किगालीत एक बरं आहे, मोटोवाल्याकडे (तिथला बोडावाला) प्रवाशाचं हेल्मेट असतंच आणि मागे एकालाच बसवतात. कंपालात मी एका बॉक्सरवर चालक धरून चौघं पाहिलीत, शिवाय मांडीवर मटोकेचा (कच्च्या केळ्यांचा) घड.

ॲपवरून बोलवावी की स्टेजवरून (म्हणजे आपला रिक्षा स्टँडच) घ्यावी? 2014 मध्ये सेफबोडा ही कंपनी आली, तेव्हापासून नारिंगी हेल्मेट शहरभर दिसतं आणि मागच्यालाही मिळतं. ॲपमध्ये भाडं आधी कळतं, प्रवासाची नोंद राहते, नव्या माणसाने तिथूनच सुरुवात करावी. फक्त गाडीचा नंबर ताडून बघा. एकदा एका ॲपवर (नाव घेत नाही) फोटोतला माणूस वेगळा आणि समोर उभा वेगळा. "माझा भाऊ आहे, नन्याबो (बाईसाहेब)." असेल बाबा, पण मी ट्रिप रद्द केली.

तिसऱ्या महिन्यापासून मात्र मी घराखालच्या स्टेजवरचा एकच माणूस धरला. स्टेजशेजारी रोलेक्सची गाडी (घड्याळ नव्हे, चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट). तिथे रोज उभे राहणारे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे कोण संध्याकाळी पिऊन येतो तेही रोलेक्सवाल्याला माहीत. मी निवड कशी केली? दोन दिवस नुसतं बघत बसले. बहुतेकांचं हेल्मेट कोपरात अडकवलेलं, पोलिस दिसला की डोक्यावर. याचं डोक्यावर होतं, पट्टा लावून. दोन्ही आरसे जागेवर, मागच्या टायरला नक्षी शिल्लक.

आणि घाई. ही मला फार उशिरा कळली. यांच्यातल्या अनेकांची गाडी भाड्याची किंवा हप्त्याची. रोजचे पैसे आधी मालकाचे, मग घरचे. जितक्या फेऱ्या जास्त तितकं हातात. त्यात मागचा माणूस म्हणाला "लवकर", की संपलंच. एप्रिलच्या पावसात मीच म्हणाले होते. माझा नेहमीचा नव्हता, मीटिंग होती, कामवोक्यापाशी दुसऱ्याला हात केला. आडवाटेला लाल मुरमाचा चिखल, मागचं चाक सरकलं आणि आम्ही दोघं आडवे. वेग कमी म्हणून कोपर सोलवटण्यावर निभावलं. हेल्मेटच्या बाजूला मात्र बोटभर लांबीची खोल चर. तेवढी चर माझ्या कानाच्या वर आली असती.

तेव्हापासून बसतानाच म्हणते, "म्पोला म्पोला, सेबो." हळू हळू, साहेब. नुसतं म्हणून उपयोग नाही, त्याच्या तोट्याचं काय? म्हणून ठरल्या भाड्यावर 1,000 शिलिंग जास्त देते, आणि ते देणार हे आधी सांगते. उतरल्यावर दिलेली बक्षिसी वेग कमी करत नाही. पाऊस लागला की सगळे बोडावाले पेट्रोल पंपाच्या छपराखाली थांबतात, तुम्हीही थांबा. सॅक पाठीवर नको, पोटाशी घ्या. फोन खिशात, सिग्नलला हातातला फोन ओढून नेतात. एक हात मागच्या कॅरियरला. गुडघे आत दाबून, कारण दोन हायएसच्या फटीतून जाताना आधी गुडघाच घासतो. रात्री आठनंतर आणि नॉर्दर्न बायपासवर मी कधीच बोडा घेतली नाही, तिथे कार. प्रवास विम्यात दुचाकीबद्दल काय लिहिलंय ते विमानात बसण्याआधी वाचा. मी पडल्यावर वाचलं.

मार्क द्यायचे तर कोरड्या दिवसाला, ओळखीच्या माणसामागे, पाचपैकी चार. पावसात शून्य.

एकदा आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नसतं. बाहेरून धड दिसलं तरी आतला थर्माकोल दबलेला असतो. म्हणून कंपालात दुसरं घेतलं आणि निघताना ते माझ्या बोडावाल्याला देऊन आले, मागे बसणाऱ्यांसाठी. पुण्याहून नेलेल्याचा पट्टा कापला, काच काढली आणि कचऱ्यात टाकलं. बिल्डिंगच्या वॉचमनने ते उचलून परत आणून दिलं, चांगलं आहे म्हणाला. त्याला ती चर दाखवून पुन्हा टाकायला लावलं.