सोकिया बी४०ए ऑटो लेव्हल : साइटवरच्या रोजच्या वापरातून

दोन बेसमेंट, त्यावर पोडियम (टॉवरखालचा पसरट भाग) आणि पोडियमवर टॉवर असं काम हातात असलं की सिमेंट, सळई आणि शटरिंगच्या बिलांवर सगळ्यांची नजर असते. उंच-सखलपणा मोजायचं लेव्हल मशीन, म्हणजे तिपाईवरची दुर्बीण, मात्र स्टोअरमध्ये जे पडलेलं असेल ते काढून देतात. मला हे कधीच पटलेलं नाही, म्हणून हा रिव्ह्यू. पुण्याच्या पूर्वेला चालू असलेल्या आमच्या गृहप्रकल्पावर सोकियाचं बी४०ए रोज वापरात आहे आणि मी त्याच्यावर खूश आहे.

लेव्हलसाठी इतका आग्रह का, ते आधी सांगतो. १००० चौरस मीटरचा स्लॅब १० मिमीने जाड पडला तर १० घनमीटर काँक्रीट जादा जातं. ६ घनमीटरच्या ट्रान्झिट मिक्सरच्या हिशेबाने दीड गाडीहून जास्त. पैसे गेलेच, वर सुमारे २५ टन वजन त्या इमारतीच्या डोक्यावर कायमचं बसलं. आणि वरची लेव्हल जुळवायला तोच स्लॅब पातळ केला तर सळईवरचं कव्हर, म्हणजे काँक्रीटचं आवरण, मरतं. पुढे गंज, स्पॉलिंग (काँक्रीटचे तुकडे सुटणं), गळती हे सगळं राहायला येणाऱ्या माणसाच्या वाट्याला. त्यामुळे स्लॅब भरायच्या दिवशी मी पंपाच्या आधी लेव्हल मशीन लागलंय का ते बघतो.

बी४०एची दुर्बीण २४ पट मोठं दाखवते. एक किलोमीटर जाऊन-येऊन लेव्हलिंगसाठी कंपनीने दिलेली अचूकता २ मिमी आहे. इमारतीच्या कामाला एवढं भरपूर झालं. आतला कॉम्पेन्सेटर, म्हणजे नजर आडवी ठेवणारा भाग, चार तारांवर टांगलेला असतो आणि चुंबकाने त्याचं हलणं थांबवलं जातं. मशीनवरचा पातळीचा बुडबुडा गोलात आणला की उरलेला १५ मिनिटांपर्यंतचा, म्हणजे पाव अंशाचा, कल तो स्वतः सावरून घेतो. शेजारून भरलेला मिक्सर गेला तरी दुर्बिणीतली आडवी रेघ लगेच स्थिर होते. मोठ्या साइटवर हा गुण फार कामाचा, कारण तिथे सगळं शांत कधीच नसतं. पावसाचा शिडकावा झाला तरी चिंता नाही, फक्त ओलं मशीन तसंच पेटीत बंद करू नका. आधी पुसून, वाळवून मगच ठेवा.

मशीनची खरी परीक्षा स्लॅबच्या खालच्या बाजूने होते. सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालचा टेकूंचा आणि प्लायचा साचा, लागलं की आम्ही खाली उभं राहून प्लायचा तळ तपासतो. कॉलमवर फिनिश फ्लोअरपासून १ मीटरची खूण मारलेली असते, तिच्यावरून एचआय, म्हणजे दुर्बिणीच्या नजरेच्या रेषेची उंची, काढायचा. मग हेल्परने स्टाफ, म्हणजे मापं छापलेली उंच पट्टी, उलटा धरून त्याचा शून्य प्लायला टेकवायचा आणि येणारं रीडिंग एचआयमध्ये मिळवायचं, की प्लायच्या तळाची उंची मिळते. त्याला सांगायचं, ‘दादा, स्टाफ हळू पुढे-मागे डोलवा.’ त्यात दिसणारं सगळ्यात कमी रीडिंग खरं, कारण स्टाफ ओळंब्यात असतो तेव्हाच ते येतं. प्रत्येक पॅनेलचे चार कोपरे आणि मधला एक बिंदू. जिथे कमी भरतं तिथे सुतार लगेच जॅक फिरवतो, आणि ते रीडिंग मी पुन्हा घ्यायला लावतो. बेसमेंटच्या अंधारातसुद्धा टॉर्च स्टाफवर मारला की मिलिमीटरचा अंदाज नीट घेता येतो. काँक्रीट कामाच्या आयएस ४५६:२००० या भारतीय मानकात बीम-कॉलमच्या मापाला अधिक १२ आणि उणे ६ मिमी एवढीच सूट आहे. ती पाळायची तर तपासणी भरायच्या आधीच व्हायला हवी.

आता मर्यादा. दुपारच्या उन्हात राफ्टवरून (पायाच्या मोठ्या स्लॅबवरून) हवा थरथरते, तेव्हा कुठलंही ऑप्टिकल मशीन लांबचं रीडिंग नीट देत नाही. लांबच्या लेव्हल सकाळीच उरकाव्यात. आडव्या कोनाचं वर्तुळ १ अंशाचं आहे, म्हणजे ग्रिड लाइन (कॉलमच्या जागांच्या रेषा) टाकायला ते नाही. त्याला कोन आणि अंतर मोजणारं टोटल स्टेशनच हवं. आणि लांबलचक रस्ता, ड्रेनेज, दूरवरून बेंचमार्क (ठाऊक उंचीची खूण) आणणं असं काम असेल तर थोडे पैसे घालून बी२० घ्या. त्याची दुर्बीण ३२ पट आणि अचूकता ०.७ मिमी.

मशीन चांगलं असलं तरी दोन खुंट्यांची चाचणी सोडू नका. ५० मीटर अंतरावर दोन खुंट्या, मशीन बरोबर मध्ये, दोन्हींवर स्टाफ धरून रीडिंगचा फरक काढायचा. मग मशीन एका खुंटीजवळ नेऊन तोच फरक पुन्हा काढायचा. मध्ये उभं असताना दोन्हीकडे चूक सारखीच येते आणि वजाबाकीत उडते, म्हणून तो फरक खरा. दुसरा त्याच्याशी जुळला नाही तर मशीनची नजरेची रेघ आडवी नाही. दोन्ही फरकांतली तफावत ३ मिमीच्या वर गेली की मी मशीन दुरुस्तीला पाठवतो. आमच्याकडे ही चाचणी दर सोमवारी होते आणि तिच्या वहीवर ज्युनियर इंजिनिअरची सही असते. मागे एका प्रकल्पावर एका ठेकेदाराने भाड्याने आणलेलं मशीन न तपासता चालवलं होतं. रॅम्प आणि बेसमेंटचा स्लॅब जुळेना, आणि शेवटी ब्रेकर लावून काँक्रीट फोडावं लागलं. त्या मजुरांचे ते दिवस वाया गेलेले मला आजही सलतात.

स्टाफही चांगला घ्या. ५ मीटरच्या सरकत्या ॲल्युमिनियम स्टाफचे सांधे झिजतात, आणि बटण पूर्ण बसलं नाही तर वरच्या भागाची सगळी रीडिंग खोटी. लोक मशीनला दोष देत बसतात.

जुनं मशीन घेत असाल तर दुकानातच एक गोष्ट करून बघा. लांबच्या एखाद्या खुणेवर रेघ आणा, दुर्बिणीच्या दिशेचा पायाचा स्क्रू थोडासा फिरवा, बुडबुडा गोलातच राहू दे. रेघ हलून पुन्हा त्याच खुणेवर आली तर कॉम्पेन्सेटर जिवंत आहे. नाही आली तर घेऊ नका, किंमत कितीही कमी असो. आणि कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट मागताना त्यावरचा सिरियल नंबर मशीनवरच्या नंबराशी ताडून बघा.