दुचाकीची लिफ्ट, 41,659 रुपये आणि बनियनचं बिल

आधी आकडा सांगतो, कारण तो तोंडातून काढायलाच मला दोन महिने लागले. 41,659 रुपये. सहा दिवसांत, चार वेळा, माझ्याच हाताने, माझाच पिन टाकून. घेत होतो काय, तर घरच्या शेडमध्ये गाडी वर घ्यायची हायड्रॉलिक लिफ्ट आणि टायर काढा-घालायचा स्टँड. मिळालं काय, तर काहीच नाही. काही जणांना निदान खोक्यात वीट तरी येते म्हणतात. मला तीसुद्धा आली नाही.

वाचणारे निम्मे लोक आत्ताच म्हणत असतील की अनोळखी माणसाला ॲडव्हान्स भरतंच कोण. मीही तेच म्हणायचो. मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स बघतो. रोज हाताखालून पंधरा-वीस बिलं जातात, तीन-चार ई-वे बिलं, म्हणजे माल ट्रकने पाठवताना लागणारे सरकारी ऑनलाइन कागद, मीच काढतो. हे लक्षात ठेवा, पुढे याचीच लाज वाटणार आहे.

लिफ्ट कशाला हवी होती? हौस म्हणून नव्हे. वडिलांची 1994 ची बुलेट आहे, शिवाय माझी आणि मेव्हण्याची अशा आणखी दोन गाड्या. बुलेटला दोन्हीकडे 19 इंची चाकं, स्पोकच्या रिमा, ट्यूबचे टायर. पंक्चर झालं की चाक जमिनीवर आडवं टाकायचं, दुसऱ्या गाडीचा साइड स्टँड टायरच्या कडेवर ठेवून गाडी त्यावर रेलायची, म्हणजे बीड, म्हणजे टायरची रिमेत बसणारी जाड कडा, रिमेवरून सुटतो. मग साबणाचं पाणी, मग टायर उचकटायच्या लोखंडी टायरपट्ट्या. दोन पट्ट्या घातल्या की तिसरीसाठी गुडघा टायरवर. शेवटचा वीतभर टायर आत घालताना हमखास पट्टीत ट्यूब चावते आणि मग सगळं पुन्हा पहिल्यापासून. हे मी वीस वर्षं उकिडवा बसून केलं. गेल्या वर्षी कंबर धरली, डॉक्टर म्हणाले, उकिडवं बसायचं नाही. आणि पंक्चरवाल्याकडे न्यावं तर तो क्रोमच्या रिमेवर असे ओरखडे काढतो की बघवत नाही. तर गरज खरी होती. गरज खरी असली की माणूस किमतीकडे बघतो, विकणाऱ्याकडे बघत नाही.

चौकशी केली तेव्हा कमरेएवढी वर जाणारी, पायाच्या पंपाची टेबल लिफ्ट 38 ते 45 हजारांत सांगत होते. मोबाइलवर जाहिरात आली 26,500 ची. राजकोटचा कारखाना, थेट उत्पादकाकडून. सोबत बीड ब्रेकर असलेला टायर स्टँड 7,800. एकूण 34,300, जीएसटी धरून. तीन टायरपट्ट्या आणि रिमेला लावायची प्लॅस्टिकची संरक्षकं फुकट. राजकोटला खरोखरच गॅरेजचा माल बनतो, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं. (कारण होतं. येतोच त्यावर.)

माणूस बोलायला गोड. मी फार कच्चा नाही, म्हणून व्हिडिओ कॉल मागितला. त्याने लगेच दाखवला. शेड, मागे निळा ड्रम, लिफ्टवर एक गाडी, एक पोरगा पायाने पंप मारतोय, गाडी वर जातेय. मी खूश. आता कळतं की त्या कॉलमध्ये त्याचा चेहरा एकदाही दिसला नाही आणि मी बोललेल्याचं उत्तर त्या पोराने एकदाही दिलं नाही. कॉलवर रेकॉर्ड केलेला व्हिडिओ लावता येतो हे मला ठाऊक नव्हतं. तुम्ही कॉल केलात तर सांगा, लिफ्ट अर्ध्यावर थांबव, लॉकची पिन घाल, आता प्रेशर सोड आणि गाडी तिथेच राहते का दाखव. खरा कारखानदार हे आनंदाने दाखवेल, कारण त्या लॉकवरच माणसाचा जीव असतो. भामटा म्हणेल नेटवर्क गेलं.

रात्री सव्वाअकराला 17,150 ॲडव्हान्स भरला. यूपीआयवर फर्मचं नाव न येता एका बाईचं नाव आलं. विचारलं, तर म्हणे, वाइफ का अकाउंट है सर, करंट अकाउंट की लिमिट खतम. पटलं. दहा मिनिटांत बिल आलं.

आता या बिलाबद्दल.

ते बिल मी त्या रात्री अंगठ्याने मोठं करून पाहिलं. काय पाहिलं? एकूण रक्कम आणि माझं नाव बरोबर लिहिलंय का, एवढंच. ऑफिसात कुणाचं असं बिल आलं असतं तर मी ते टेबलाच्या पलीकडे भिरकावलं असतं. राजकोटची फर्म म्हणजे गुजरात, जीएसटी नंबर 24 ने सुरू व्हायला हवा. बिलावर होता 07, म्हणजे दिल्ली. परराज्यातून माल येणार म्हणजे आयजीएसटी हा एकच कर लागणार. बिलावर होते राज्यातल्या राज्यात विक्रीला लागणारे दोन कर, सीजीएसटी 2,616.10 आणि एसजीएसटी 2,616.10. गुजरात किंवा दिल्लीचा माणूस महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकाला एसजीएसटी लावतोय आणि मी, जो शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो, दात घासत ते बघतोय. आणि एचएसएन कोड, म्हणजे माल कुठल्या प्रकारचा ते सांगणारा आकडा? जॅक-लिफ्टचा 8425. बिलावर 6109. टी-शर्ट आणि बनियन. मी 34,300 रुपयांच्या बनियनचं बिल जपून ठेवलं होतं.

नंतर तो नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकला. दोन मिनिटांचं काम, लॉगिनसुद्धा लागत नाही. भलत्याच माणसाचं कपड्याचं दुकान. त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल. ही दोन मिनिटं मी त्या रात्री दिली असती तर 17,150 वर भागलं असतं.

वजनाचंही तसंच. जाहिरातीत लिहिलं होतं वजन 42 किलो, कुरिअरने घरपोच. दोन मीटर लांब, 60 सेंटिमीटर रुंद, तीन मिलिमीटर जाड लोखंडी पत्रा नुसता घेतला तरी 28 किलो भरतो. मग खालची कात्री, चौकट, हायड्रॉलिक बाटली, पुढच्या चाकाचा शिकंजा, चढायचा रॅम्प हे सगळं उरलेल्या 14 किलोंत? असल्या लिफ्टवर मी बुलेट चढवणार होतो. आली नाही हेच बरं, असं मेव्हणा म्हणाला. त्याला तेव्हा मी जे बोललो ते इथे लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी लाकडी पेटीचा फोटो आला, वर मार्करने माझं नाव. उरलेले 17,150 गेले. त्याच संध्याकाळी ट्रान्सपोर्टची बिल्टी, म्हणजे माल पाठवल्याची पावती, आली आणि भाड्याचे 2,360. पाचव्या दिवशी फोन, सर, गाडी रवाना हो गयी, बस ई-वे बिल का डिपॉझिट, 4,999, रिफंडेबल.

ई-वे बिलाचं डिपॉझिट असं काही नसतं. ई-वे बिल पोर्टलवर फुकट निघतं. आणि परराज्यातून येणाऱ्या मालाला ते 50,000 च्या वर लागतं, माझा माल 34,300 चा. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याच दुपारी मी दोन ई-वे बिलं काढून ट्रकवाल्याच्या हातात दिली होती. तरी भरले. पोराच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये, खुर्चीत बसून, स्टेजवर कोळीगीत चालू असताना. मनात एक जण स्पष्ट सांगत होता की गेले पैसे, थांब. पण थांबायचं म्हणजे 36,660 गेले हे त्या खुर्चीतच मान्य करायचं, आणि शेजारी बायको बसलेली. ते 4,999 लिफ्टसाठी नव्हतेच. आणखी एक रात्र शहाणा म्हणून झोपता यावं म्हणून होते.

सहाव्या दिवशी 7,200 मागितले. तेव्हा कुठे थांबलो. मी म्हणालो, आधी माल दाखव. त्याने एक अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि नंबर बंद.

इथून पुढची चूकही माझीच. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन मी त्या रात्री केला नाही. तीन दिवस गप्प बसलो. बायकोला काय सांगू, ऑफिसात कळलं तर काय, शिकाऊ पोरं हसतील. लाजेपायी घालवलेले हे तीन दिवस लिफ्टपेक्षा महागात पडले. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात फिरतात, एटीएममधून निघतात. लगेच फोन केला तर मधेच कुठेतरी अडू शकतात. माझे अडले किती? 1,347 रुपये. तेवढेच त्या बाईच्या खात्यात शिल्लक होते. फोन करताना प्रत्येक व्यवहाराचा 12 आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहार क्रमांक, हाताशी ठेवा, मी शोधत बसलो तेव्हा तिकडचा माणूस वाट बघत होता.

आता आमचं पोलीस ठाणं. पहिल्यांदा गेलो तेव्हा ठाणे अंमलदाराने विचारलं, कशाची फसवणूक? म्हटलं, लिफ्टची. म्हणाला, "किती मजली बिल्डिंग?" समजावून सांगितलं. दुचाकीची लिफ्ट, गाडी वर घ्यायची. म्हणाला, "दुचाकी वर कशाला घ्यायची?" मग म्हणाला, ऑनलाइन तक्रार झाली ना, मग झालं, इथे काय करायचंय? मी म्हटलं, गुन्हा नोंदवा. तो म्हणाला, जिल्ह्याच्या सायबरला जा. अर्ध्या दिवसाची रजा टाकून जिल्ह्याला गेलो. तिथे म्हणाले, तुमच्या हद्दीतल्या ठाण्यात द्या. परत आलो. स्क्रीनशॉटच्या प्रिंट आणा. आणल्या. दोन सेट आणा. आणले. रंगीत आणा. रंगीत आणल्या, 340 रुपये झेरॉक्सवाल्याला, हे वरच्या आकड्यात धरलेले नाहीत. चौथ्या खेपेला साहेब बंदोबस्ताला. पाचव्या खेपेला भेटले आणि म्हणाले, "काका, 41 हजारच ना? इथे 40 लाखवाले रांगेत बसलेत." म्हणजे मी काय करू, अजून भरून येऊ का?

हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. नवीन कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये, हद्द कुठलीही असो, खबर घ्यायचीच आहे. मी ते कलम छापून नेलं. ते म्हणाले, "वकील आहात का?" नाही म्हटल्यावर कागद माझ्याकडे परत सरकवला. शेवटी नगरसेवकाच्या ओळखीने गुन्हा दाखल झाला, भारतीय न्याय संहिता कलम 318. कायद्याने जे व्हायचं ते ओळखीने झालं. तेव्हापासून तपास चालू आहे. फोन केला की तपास चालू असतो.

बँकेतल्या बाईंनी मला बसायलाही सांगितलं नाही. पिन तुम्हीच टाकलात, म्हणजे व्यवहार अधिकृत. बरोबर आहे. पण त्या खात्याचं केवायसी कुणी केलं होतं? त्यावर त्यांनी एक ईमेल आयडी दिला. तिथून लगेच उत्तर आलं, आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. महिन्याने त्याच मजकुराचं दुसरं आलं. अडकलेले 1,347 हवेत तर न्यायालयाचा आदेश आणा म्हणाले. ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, आपण राहतो तिथेच दाखल करता येतो, हे सगळं खरं. पण नोटीस पाठवायची कुणाला? निळ्या ड्रमला?

तर टायरचं काय? गावातल्याच एका फॅब्रिकेटरकडे गेलो. बुलेटला मेन स्टँड आहेच, त्यामुळे अख्खी गाडी वर न्यायची गरज नव्हती, हे त्याने पाच मिनिटांत सांगितलं. त्याने पाइपचा कमरेच्या उंचीचा स्टँड करून दिला, मधल्या दांड्यावर चाक बसतं, बाजूला लांब दांड्याचा बीड दाबायचा हात. 4,200 रुपये, पैसे माल उचलताना, बिल पक्कं, त्यावर 27 ने, म्हणजे महाराष्ट्राच्या आकड्याने, सुरू होणारा जीएसटी नंबर, मी तिथेच उभा राहून तपासला. तो हसत होता. रिमेला रबरी पाइपचे चिरलेले तुकडे लावतो, ओरखडा येत नाही. ज्यांच्या गाडीला मेन स्टँड नाही त्यांनी आधी पॅडॉक स्टँडवर, म्हणजे चाक जमिनीवरून उचलून धरणाऱ्या सुट्या स्टँडवर, भागतंय का बघावं. मेव्हण्याने 1,850 ला घेतला, दुकानात जाऊन, हातात धरून.

गेल्या आठवड्यात फोन आला. शुद्ध मराठी, बाईचा आवाज. सायबर रिफंड विभागातून बोलतेय, तुमचे 41,659 रुपये मंजूर झालेत. आकडा बरोबर, रुपयासकट. मी ताठ बसलो. पुढे म्हणाली, फक्त प्रक्रिया शुल्क, 1,500.

मी फोन ठेवला. बायको ओट्याशी उभी होती, सगळं ऐकत होती. म्हणाली, "अहो, भरले नाहीत ना?"

मी म्हटलं नाही. तिने हात पुसले, माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि स्वतः उघडून बघितला.