मॅस्टोडॉन, ब्लूस्काय, नॉस्टर: सगळं एकाच अ‍ॅपमध्ये घ्यावं का?

नाशिककर गोदेचा पूर फुटांत मोजत नाही, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. मागच्या पावसाळ्यात घाटावरून मी घाईघाईत ‘छातीला लागलं’ असं टाकलं. पाणी कमरेलाच होतं. मॅस्टोडॉन, ब्लूस्काय आणि नॉस्टर या तीन सोशल नेटवर्कवरची माझी खाती एकाच अ‍ॅपला जोडलेली, त्यामुळे चूक एका बोटासरशी तिन्हीकडे गेली. ती निस्तरायला मात्र तीन ठिकाणी जावं लागलं, कारण त्या अ‍ॅपमध्ये दुरुस्तीची सोयच नव्हती.

मॅस्टोडॉनवर पोस्ट एडिट केली. ज्यांनी पुढे पाठवली होती त्यांनाही तसं कळलं. ब्लूस्कायवर ती काढून नवी टाकली. नॉस्टरवर आपल्याकडून फक्त ‘काढा’ अशी विनंती जाते. पोस्ट ज्या रिलेंवर, म्हणजे ती साठवून पुढे देणाऱ्या सर्व्हरांवर पोचली, त्यांनी ऐकलं तर ती जाते, नाहीतर राहते. माझी राहिली. संध्याकाळी भांडीबाजारातल्या मावसभावाचा फोन आला, “माल वरच्या मजल्यावर घेऊ का?” तिचाच स्क्रीनशॉट त्याच्यापर्यंत पोचला होता.

म्हणून निवड करताना वाचणं आणि लिहिणं वेगळं धरा.

वाचायला एकत्रित अ‍ॅप खरोखर चांगलं. ओपनव्हाइब अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं आणि या तिन्ही जाळ्यांच्या पोस्ट एकाच टाइमलाइनमध्ये दाखवतं. टॅपेस्ट्री फक्त अ‍ॅपलवाल्यांसाठी आणि मुळात वाचण्यासाठीच आहे. त्यात आरएसएस (संकेतस्थळांवरचं नवं लेखन आपोआप आणणारी सोय), पॉडकास्टही येतात. सकाळी चहाबरोबर सगळं एका दमात नजरेखालून जातं, ही सोय छोटी नाही. पण ब्लूस्कायचे लोकांनी बनवलेले फीड (निवडक पोस्टचे प्रवाह), तिथली मॉडरेशनची म्हणजे नकोशा पोस्ट आवरण्याची यंत्रणा, मॅस्टोडॉनच्या ज्या सर्व्हरवर आपलं खातं आहे तिथल्या लोकांची लोकल टाइमलाइन, हे सगळं मूळ अ‍ॅपमध्ये जसं मिळतं तसं इथे मिळेलच असं नाही. नुसते मथळे चाळायचे असतील तर अडत नाही. माणसं जोडायची असतील तर अडतं.

लिहिण्याचं गणित वेगळं. मॅस्टोडॉनवर साधारणपणे ५०० अक्षरं, ब्लूस्कायवर ३००. तिन्हीकडे एकच मजकूर पाठवायचा तर तो ३००त बसवावा लागतो आणि मॅस्टोडॉनवरची ऐसपैस जागा वाया जाते. दुसरं, पोस्टची भाषा. दोन्हीकडे ‘मराठी’ निवडता येते आणि लोक भाषेनुसार पोस्ट गाळतात. एकत्रित अ‍ॅपमध्ये ती निवड मिळते का, हे आधी तपासा. इंग्रजीचा शिक्का बसलेली मराठी पोस्ट नेमक्या मराठी वाचकापासूनच दूर राहते, आणि मला याचं फार वाईट वाटतं.

तिसरी वाट पुलाची. ब्रिजी फेड ही दोन जाळी जोडणारी सेवा. तिचं बॉट (आपोआप चालणारं) खातं फॉलो केलं की मॅस्टोडॉनवरच्या तुमच्या पोस्ट ब्लूस्कायवर दिसू लागतात. उलट्या दिशेनेही तसंच. खातं एकच आणि प्रत्युत्तरंही तिथेच येतात, पण समोरच्यानेही पूल चालू केलेला असेल तरच. ज्याला दोन घरं सांभाळायची नाहीत, त्याने आधी हीच वाट धरावी.

आता पासवर्ड आणि खात्याच्या किल्ल्यांचं. तिसऱ्याच कुणाच्या अ‍ॅपला ब्लूस्कायचा मुख्य पासवर्ड देऊ नका. सेटिंग्जमध्ये वेगळा अ‍ॅप पासवर्ड बनवता येतो आणि नको झाला की रद्द करता येतो. मॅस्टोडॉनवर तर पासवर्ड आपल्या सर्व्हरच्याच पानावर टाकायचा असतो आणि दिलेली परवानगी नंतर काढून घेता येते. नॉस्टरचं तसं नाही. ‘एनसेक’ने सुरू होणारी खासगी किल्ली म्हणजेच खातं. ती फुटली तर बदलून देणारं कुणी नाही. अँड्रॉइडवर अँबरसारखं, पोस्ट तुमचीच असल्याची डिजिटल सही करणारं अ‍ॅप किल्ली स्वतःकडे ठेवून दुसऱ्या अ‍ॅपला फक्त सही पुरवतं. तुमचं एकत्रित अ‍ॅप अशी सही घेत नसेल, तर नॉस्टर त्यातून बाहेर ठेवा.

माझ्या फोनवर आता एकत्रित अ‍ॅप फक्त वाचायला आहे. पुराचं काही टाकायचं झालं तर आधी मॅस्टोडॉनवर, मारुतीकडे दोनदा बघून. ब्लूस्कायवर दहा मिनिटांनी. नॉस्टरवर पाण्याचे आकडे मी टाकतच नाही.