चिल्टर्नच्या टेकड्या, रविवारचा ग्रुप आणि पबमधलं जेवण: तीन ऋतूंनंतरचा अनुभव

रविवारी टेकड्यांवर फिरायला जाणारा ग्रुप चालतो तो वाटांवर कमी आणि दुपारच्या जेवणावर जास्त, हे माझं आतापर्यंतचं मत. गेल्या सप्टेंबरपासून मी इंग्लंडमध्ये, बकिंगहमशायरमधल्या आमच्या भागातल्या वॉकिंग ग्रुपबरोबर जाते आहे. पंधरा दिवसांतून एक रविवार, आठ ते दहा मैल, मध्ये किंवा शेवटी पबमध्ये जेवण. इथे नव्याने आलेल्या बऱ्याच जणी मला विचारतात की जावं का, जमेल का, आपल्यासारखं कोणी असतं का. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी अपेक्षा नीट करून घ्या. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला इथली चढण चढण वाटणारच नाही. वेंडोव्हरजवळची कूम हिल ही इथली नावाजलेली टेकडी, उंची २६० मीटर. आपलं कळसूबाई १६४६. पहिल्या वेळी वर पोचल्यावर मी अजून शिखर कुठेय म्हणून बघत होते, तोवर सगळ्यांनी थर्मास उघडले. पण ‘ह्यात काय!’ असं म्हणून सोडू नका. दहा मैल सलग, चार टेकड्या वर-खाली, चिखलातून, वाऱ्यात, आणि बरोबरची पंचाहत्तरीची बाई न थांबता पुढे निघून गेलेली. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या बोलतात.

व्यवस्था मात्र फारच चोख आहे, आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तीच. तीन महिन्यांचा कार्यक्रम आधी येतो. त्यात निघायची जागा, नकाशावरचा संदर्भ आकडा, अंतर, चढ किती, वाटेत गायी आहेत का, कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्या किती आणि जेवण कुठे, एवढं सगळं असतं. प्रत्येक वेळी लीडर वेगळा असतो आणि त्याने आधी येऊन रेकी, म्हणजे वाटेची पाहणी, केलेली असते. शेवटी चालणारा एक जण नेमलेला असतो, आपल्याकडच्या ट्रेकमध्ये बॅक लीड असतो तसाच. साडेदहा म्हणजे साडेदहा. दहा चाळीसला पोचलात तर रिकामं कार पार्क बघायला मिळेल. पावसामुळे रद्द झालेला वॉक मी अजून पाहिलेला नाही. वादळाचा इशारा होता त्या रविवारी फक्त जंगलाची वाट सोडून उघड्या शेतांतून नेलं, फांद्या पडतात म्हणून.

लीडरच्या हातात फोन असतोच, पण गळ्यात ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा नारिंगी कव्हरचा कागदी नकाशाही असतो. ४ सेंटिमीटरला १ किलोमीटर, आणि पायवाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या. पहिले काही आठवडे मला सगळ्यात अवघड गेलं ते दुसऱ्याच्या शेतातून बिनदिक्कत जाणं. उभ्या गव्हातून वाट जाते, कोणाच्या तरी बागेच्या कडेने जाते, एकदा तर घोड्यांच्या तबेल्याच्या अंगणातून गेली. मी आपली कोणी ओरडतंय का बघत. खांबावर पिवळा बाण असला की चालणाऱ्यांचा हक्क, निळा असला की घोडे आणि सायकलींनाही. नांगरणी-पेरणी झाली तरी वाट पुन्हा मोकळी करून देणं शेतकऱ्यावर कायद्याने बंधनकारक आहे. एका शेतात ती मोकळी केलेली नव्हती, तर आमच्या लीडरने शांतपणे फोटो काढला आणि घरी जाऊन काउंटीच्या ऑफिसला कळवलं. भांडण नाही, काही नाही.

हा हक्क काही फुकट मिळालेला नाही, हे ग्रुपमधले जुने लोक आवर्जून सांगतात. १९३२ च्या एप्रिलमध्ये डर्बीशायरमधल्या किंडर स्काउट या पठारावर शेकडो कामगार तरुण मुद्दाम घुसले. ती जमीन शिकारीसाठी राखून ठेवलेली होती. काही जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ चा राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला, आणि डोंगर-माळांवर मोकळं फिरायचा हक्क २००० च्या कायद्याने मिळाला. (लंडनचं महाराष्ट्र मंडळही १९३२ चंच. त्या वर्षी इकडे आपली माणसं गणपतीची जुळवाजुळव करत असतील, ही कल्पना मला उगाच आवडते.)

या हक्काची सगळ्यात गमतीशीर जागा म्हणजे चेकर्स. पंतप्रधानांचं सुट्टीचं सरकारी घर. रिजवे ही सुमारे १४० किलोमीटरची जुनी वाट थेट त्या इस्टेटीतून जाते आणि घराकडे जाणारा रस्ता ओलांडते. दोन्ही बाजूंना कॅमेरे, वाट सोडलीत तर गुन्हा अशी पाटी, आणि मधून आम्ही वीसेक जण छत्र्या-काठ्या घेऊन, सँडविचवर बोलत. पुण्याच्या माझ्या भावाला फोटो पाठवला तर त्याचा विश्वास बसेना.

ऋतूंबद्दल थोडक्यात. एप्रिलअखेर ते मेची सुरुवात चुकवू नका, बीच नावाच्या झाडांखाली ब्लूबेल्स ही निळी रानफुलं फुलतात तेव्हा. लाल घारी बारा महिने डोक्यावर असतात. इंग्लंडमधून त्या नाहीशाच झाल्या होत्या. १९८९ पासून स्पेनहून पिल्लं आणून इथे सोडली, आणि आता त्या इतक्या झाल्यात की बागेतल्या जेवणावर झडप घालतात. नोव्हेंबर ते मार्च मात्र चिखल, चिखल आणि चिखल. इथे खाली खडूचा दगड आणि टेकड्यांच्या माथ्यावर गारगोट्या मिसळलेली चिकणमाती. माथ्यावर बूट जड होतात आणि उतारावर ओला खडू पाय सरकवतो. घोट्यावरचे वॉटरप्रूफ बूट आणि गेटर्स (बुटांवरून पोटरीला बांधायची आवरणं) यांवर खर्च करा, जॅकेट साधं चालेल. जूनमध्ये उंच गवतातून जाताना फुल पँट घाला, आणि घरी आल्यावर गोचीड चिकटलीय का ते बघा. खाजकुयलीची सवय असलेल्यांना इथलं नेटल हे खाजरं झुडूप किरकोळ वाटेल, पण हाफ पँटमध्ये नाही.

आता जेवणाकडे वळू.

पबमधलं जेवण म्हणजे ट्रेकनंतर गावातल्या घरी मिळणारं पिठलं-भाकरी, असं मी समजून गेले होते. तसं अजिबात नाही. ही सगळी आखणीची गोष्ट आहे. खेड्यातल्या बऱ्याच पबचं स्वयंपाकघर दुपारी अडीचला बंद होतं, काही ठिकाणी दोनला. वीस माणसं एकदम आली तर त्यांची धांदल उडते. त्यामुळे आठवडाभर आधी मेन्यू येतो, प्रत्येकाने काय हवं ते कळवायचं, लीडर यादी पबला पाठवतो. चालण्याचा वेग, चहाला किती वेळ थांबायचं, कोणती वाट गाळायची, हे सगळं त्या टेबलाच्या वेळेवरून ठरतं. लीडर घड्याळ बघायला लागला की समजावं, पब अजून दोन मैलांवर आहे.

दारात बूट काढायचे किंवा त्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवायच्या. जाड मोजे घालून सगळे जण फरशीवर फिरत असतात. वेटर टेबलाशी येईल म्हणून बसून राहू नका. पेय बारवर जाऊन स्वतः सांगायचं, तिथेच पैसे द्यायचे. रांग दिसत नाही पण असते, आणि आपल्या आधी कोण आलंय हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक असतं. दारू पीत नसाल तर कोणी आग्रह करत नाही. लाइम अँड सोडा मागवते, कोणाच्या भुवया उंचावलेल्या दिसल्या नाहीत. उलट गाडी चालवणारे निम्मे लोक तेच पितात. फक्त राउंड घेण्याची पद्धत असते, म्हणजे एकाने सगळ्यांची पेयं आणायची, पुढच्या वेळी दुसऱ्याने. मोठ्या ग्रुपमध्ये ती मोडली जाते आणि ज्याचं त्याने बघायचं. मला हेच बरं वाटतं. आपल्यासारखी बिलावरची झोंबाझोंबी मी एकदाही पाहिली नाही.

शाकाहारी माणसाचं काय होतं? जगतं, पण चैन होत नाही. रविवारी पबमध्ये रोस्टचा दिवस. बीफ, कोंबडी किंवा पोर्क, भाजलेले बटाटे, गाजर, कोबी, यॉर्कशायर पुडिंग (गोड नाही, पिठाचा भाजून फुगवलेला पाव) आणि वर ग्रेव्ही. शाकाहारींसाठी नट रोस्ट, म्हणजे सुकामेव्याची वडी. चांगली झाली तर खरंच चविष्ट, नाहीतर भुसा. ग्रेव्ही शाकाहारी आहे का ते आधीच विचारा, गृहीत धरू नका. एका पबमध्ये माझ्या नट रोस्टवर मांसाचीच ग्रेव्ही ओतून आली. बदलून दिलं, पण तोवर बाकीच्यांचं जेवणानंतरचं गोडही संपत आलं होतं. यंदा महाशिवरात्र रविवारीच आली. जॅकेट पोटॅटो (सालासकट भाजलेला बटाटा), नुसतं लोणी, बीन्स नको, असं सांगितल्यावर शेजारच्या गृहस्थांनी कारण विचारलं. उपासाला बटाटा चालतो पण बीन्स नाहीत, हे त्यांना समजावताना माझीच दमछाक झाली. ते म्हणाले, एकूण उपासाची सोय चांगली आहे.

खर्चाचं म्हणाल तर रोस्ट वीस पौंडांच्या आसपास, पेय वेगळं. दर पंधरा दिवसांनी हे जड वाटू शकतं. डबा आणला तरी चालतं, पण पबच्या आत स्वतःचा डबा उघडता येत नाही, बाहेर कुठेतरी बसावं लागतं, आणि मग नेमकी ओळखी व्हायची वेळ हातची जाते. कारण चालताना माणसं जोडीजोडीने बोलतात आणि दर फाटकाशी जोड्या बदलतात. नाव, नोकरी, हवा, कुत्रा. टेबलावर दीड तास समोरासमोर बसल्यावरच कळतं की याची बायको मागच्या वर्षी गेली, हिने चाळीस वर्षं रेल्वेत काढली. मला पहिले दोन-तीन महिने नुसतं हसून मान डोलवावी लागली. इंग्रजी येतं, पण यांचे विनोद इतक्या सपाट चेहऱ्याने येतात की हसायचं कधी ते समजत नाही. टर्व्हिल गावातल्या पबचं नाव ‘बुल अँड बुचर’. तिथे जाताना एकीने मला गंभीरपणे सांगितलं की शाकाहारींना मागच्या दाराने यावं लागतं. मी क्षणभर खरं मानलं. पण ज्या रविवारी मलाही कोणाची तरी फिरकी घेता आली, त्यानंतर वातावरण सैल झालं.

तक्रारी आहेतच. पहिली आणि सगळ्यात मोठी, गाडी. रविवारी खेड्यांत बस जवळजवळ नसते. वेंडोव्हरला लंडनच्या मेरिलबोनहून थेट ट्रेन येते, तिथून सुरू होणारे वॉक सोपे, बाकीच्यांसाठी कोणाकडे तरी लिफ्ट मागावी लागते. लोक आनंदाने देतात आणि पेट्रोलचा वाटा ठरलेला असतो, पण सारखं मागणं नको वाटतं. दुसरी, बायकांची अडचण. पब येईपर्यंत स्वच्छतागृह नाही. झुडपांचा आधार घ्यावा लागतो. हे कार्यक्रमात कुठेच लिहिलेलं नसतं, म्हणून मी लिहिते. तिसरी, वय. चाळिशीच्या आतलं क्वचितच कोणी. मुलांना नेण्यासारखा हा ग्रुप नाही, ती कंटाळतील आणि तुम्हीही. आणि जेवण मध्ये असेल तर नंतरचे तीन मैल जीव नकोसा करतात. रोस्ट पोटात घेऊन चढ चढणं मला अजून जमलेलं नाही. डिसेंबरमध्ये चारच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे तेव्हा जेवण शेवटीच ठेवतात. माझ्या मते बारा महिने तेच करावं.

सहा महिन्यांसाठी आईवडील किंवा सासूसासरे येतात, त्यांना न्यावं का? पूर्ण वॉकला नको. पण ग्रुपचे महिन्यातून एकदा मधल्या वारी चार मैलांचे छोटे वॉकही असतात. तिथे मी सासूबाईंना नेलं, साडीखाली स्पोर्ट्स शूज घालून. इंग्रजी मोडकंतोडकं, तरी एका ऐंशी वर्षांच्या आजोबांबरोबर त्या पूर्ण वेळ चालल्या. ते झाडांची नावं सांगत, ह्या मराठीत उत्तर देत. परतताना मला म्हणाल्या, “अगं, त्यांनाही गुडघ्याचाच त्रास आहे.” त्यांना पुढच्या महिन्यातही जायचंय.

ऑगस्टचा एक वॉक आता माझ्याकडे दिलाय. हॅम्ब्लेडनच्या बाजूची वाट ठरली, रेकी व्हायचीय. पबचं मात्र अडलंय. एकाचं स्वयंपाकघर दोनला बंद, दुसऱ्यात शाकाहारी म्हणून फक्त चिप्स. तिसऱ्याला फोन केलाय, वीस माणसं म्हटल्यावर ते डिपॉझिट मागताहेत.