दुबईच्या नोकरीला एजंट विम्याचे वेगळे पैसे मागतोय? आधी व्हिसा कुठला ते बघा

आम्हाला दुबईच्या नोकरीच्या नावाखाली ज्या एजंटनं फसवलं, त्याच माणसाकडं बेळगावच्या वडगाव-शहापूर भागातल्या अजून काही पोरांनी पासपोर्ट देऊन ठेवलेत असं कानावर आलं, म्हणून हे लिहायला बसले. एजंटचं नाव लिहिणार नाही, पोलिसात तक्रार दिलीय आणि वकिलांनी सांगितलंय की नाव कुठंच लिहू नका. पण तो काम कसं करतो ते सगळं लिहिते, ओळखणारे ओळखतीलच.

आमचे धाकटे दीर वेल्डर आहेत. उद्यमबागेत फौंड्रीच्या कामाला होते, हात चांगला, पण शाळा नववीत सुटलेली, त्यामुळं पासपोर्टवर ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) आलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, दहावी पास नसलेल्या माणसाला ठरावीक 18 देशांत नोकरीला जायचं असलं तर आधी सरकारची एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे तिकडं कामाला जायची परवानगी, घ्यावी लागते. दुबई, सौदी, कतार, कुवेत, ओमान, बहरीन सगळे त्या 18 मध्ये येतात. हा नियम त्रास द्यायला नाही, अशाच माणसांना परदेशात कुणी फसवू नये म्हणून केलेला आहे. आणि एजंटला नेमका तोच चुकवायचा असतो.

तर हा एजंट घरी आला. आपल्याकडं काय होतं, बँकेत कन्नड, स्टेशनात कन्नड, फॉर्म कन्नडमध्ये, त्यात कुणी शुद्ध मराठीत बोलत घरात येऊन सासूबाईंना "मावशी, पोराची काळजी माझ्यावर सोडा" म्हणाला की माणसं निम्मी तिथंच विरघळतात. त्याला हे पक्कं माहीत होतं. "आपला मराठी पोरगा पुढं जावा म्हणून करतोय हो, नाहीतर मला काय मिळतंय यात" हे वाक्य त्यानं चहा संपेस्तोवर कितीदा म्हटलं असेल! मी सोसायटीत क्लार्क आहे, रोज कर्जाचे कागद बघते, मला असल्या फार गोड बोलणाऱ्यांचा आधीपासूनच कंटाळा आहे.

त्यानं एका कागदावर हिशोब लिहून दिला. व्हिसा आणि तिकीट 81 हजार, सर्व्हिस 25 हजार, आणि खाली वेगळी ओळ, ट्रॅव्हल प्लस हेल्थ इन्शुरन्स दोन वर्षं, 34 हजार. एकूण 1 लाख 40 हजार. मी विचारलं, इन्शुरन्सला एवढे कसे? तर म्हणाला, "वहिनी, दुबई सरकारचा रूल हाय, इन्शुरन्स कंपल्सरी. नसला तर विमानात बसवून घेत नाहीत. आणि तिकडं साधा ताप आला तरी बिल हजारात येतंय, मग आपल्या माणसाला कोण बघणार?" पॉलिसी नंबर मागितला तर "व्हिसा आला की सगळं एकदम देतो". पिग्मीतले पैसे आणि सासूबाईंच्या पाटल्यांवर गोल्ड लोन, असं करून रक्कम उभी केली. पैसे फोनपेवर घेतले तेही स्वतःच्या नंबरवर नाहीत, कुणा तिसऱ्याच माणसाच्या.

आता त्याच्या बोलण्यातलं खरं किती ते बघा, कारण फसवणूक अशी अर्ध्या खऱ्यातूनच होते. दुबईत हेल्थ इन्शुरन्स सक्तीचा आहे, हे खरं. 2013 चा तिथला कायदाच आहे. शारजा, अजमान आणि उत्तरेकडच्या बाकीच्या अमिरातीतही 1 जानेवारी 2025 पासून खाजगी नोकरीवाल्यांना तो लागू झालाय. पण त्याचा खर्च मालकानं करायचा असतो, कामगाराकडून कापून घ्यायचा नसतो! उत्तरेकडच्या अमिरातीत बेसिक पॅकेज वर्षाला 320 दिरहमचं आहे, म्हणजे आपले साधारण साडेसात हजार, आणि तेसुद्धा कंपनी भरते. म्हणजे ज्याला खरा एम्प्लॉयमेंट व्हिसा मिळालाय त्याला दुबईच्या हेल्थ इन्शुरन्सचे पैसे बेळगावात बसून भरायचं काही कारणच नाही.

आपल्या बाजूनं जो विमा लागतो तो वेगळा. प्रवासी भारतीय बीमा योजना म्हणतात, 2003 साली सुरू झाली, ईसीआरवाल्यांना क्लिअरन्ससाठी ती काढावीच लागते. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर 10 लाख, शिवाय आजारपणासाठी मर्यादित कव्हर, बॉडी किंवा आजारी माणूस परत आणायचा खर्च असं बरंच काही त्यात आहे. आणि हप्ता किती? दोन वर्षांना 275 रुपये, तीन वर्षांना 375, वर टॅक्स. मी ते वाचलं तेव्हा परत परत बघितलं, कुठं शून्य राहिलंय का म्हणून. राहिलं नव्हतं. कुठं 275 आणि कुठं 34 हजार.

मग एवढा स्वस्त सरकारी विमा असताना एजंटनं तो का नाही काढला? कारण तो काढायला ई-मायग्रेट या परदेशी नोकरीच्या सरकारी पोर्टलवर नोंद लागते, नोंदीला खरा मालक, खरं काँट्रॅक्ट आणि एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो. त्यानं भाऊजींना पाठवलं व्हिजिट व्हिसावर. तिथं गेलं की कंपनी व्हिसा बदलून देते, सगळे असेच जातात, असं सांगून. व्हिजिट व्हिसावाल्याला क्लिअरन्स नाही, क्लिअरन्स नाही म्हणजे प्रवासी विमा नाही, आणि मालकाच्या खात्यावर नाव नाही म्हणजे तिकडचा हेल्थ इन्शुरन्सपण नाही. तिन्हीकडून उघडा. त्या उघड्या जागेवर पांघरूण म्हणून त्यानं स्वतःची "पॉलिसी" विकली. माझं म्हणणं एवढंच की एजंट विम्यासाठी हजारात पैसे मागायला लागला की भांडण विम्याच्या रकमेवरून करत बसू नका, व्हिसाचा कागद मागा, गोम तिथं आहे.

भाऊजी गोव्याहून गेले. जाताना एजंटनं शिकवलं, इमिग्रेशनला विचारलं तर फिरायला चाललोय म्हणायचं. हातात एक लॅमिनेट केलेलं कार्ड दिलं, त्यावर एका खऱ्या, नावाजलेल्या विमा कंपनीचा लोगो, भाऊजींचं नाव, पॉलिसी नंबर आणि दोन वर्षांची मुदत. पीडीएफ मागितली तर "कार्ड दाखवलं की झालं, पीडीएफ कोण बघतंय".

शारजात एका शेडमध्ये ग्रिलचं काम, व्हिसा आज बदलतो उद्या बदलतो. उन्हाळा तिथला, पाणी पिणं कमी, मुतखड्यानं धरलं. रात्री खोलीतल्या पोरांनी उचलून दवाखान्यात नेलं, त्यात एक खानापूरचा, एक गडहिंग्लजचा, बाकीचे मल्याळी. इन्शुरन्सच्या काउंटरवर कार्ड दिलं, तिथल्या मुलीनं कंपनीच्या असिस्टन्स नंबरला फोन लावला आणि दोन मिनिटात सांगितलं की पॉलिसी खरी आहे पण संपलेली आहे. विमानात बसल्याच्या तारखेपासून 10 दिवसांची होती ती!

हे मला फोनवर कळलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं काहीतरी घोळ झालाय. एजंटला फोन केला, त्यानं उचलला (तेव्हा उचलत होता) आणि म्हणाला, सिस्टीमचा प्रॉब्लेम असेल, पीडीएफ पाठवतो, ती दाखवा. व्हॉट्सअॅपवर पीडीएफ आली. मी ती सोसायटीच्या कॉम्प्युटरवर मोठी करून बघितली. मुदतीच्या शेवटच्या तारखेतले आकडे बाकीच्या आकड्यांपेक्षा जाड, आणि ओळीच्या किंचित वर चढलेले. सम इन्शुअर्डच्या, म्हणजे विम्याच्या रकमेच्या, शेवटच्या शून्याला डॉलरवाल्या चौकटीत जागाच नव्हती, रेघेवर बसलेलं. वर 730 दिवस लिहिलेलं, खाली ट्रिपचा प्रकार हॉलिडे, आणि प्लॅनचं नाव आशिया एक्सक्लुडिंग जपान. दोन वर्षं वेल्डिंग करायला चाललेला माणूस हॉलिडेवर! कोपऱ्यात क्यूआर होता, तो बदलायचं मात्र त्याला सुचलं नव्हतं. मोबाइलनं स्कॅन केला तर कंपनीच्या साइटवर मूळ पॉलिसी उघडली, 10 दिवस, प्रीमियम काहीशे रुपये. म्हणजे त्यानं खरी टुरिस्ट पॉलिसी विकत घेतली, वरचे आकडे खोडून नवे चिकटवले आणि 34 हजाराला विकली.

आणि आम्हाला आधी पत्ता का लागला नाही, तर पॉलिसीवर मोबाइल नंबर आणि ईमेल एजंटचाच. कंपनीचा एसएमएस, पॉलिसीची लिंक, मुदत संपल्याचा मेसेज, सगळं त्याच्याकडं जात होतं. हे नीट लक्षात ठेवा, विमा कुठलाही असू दे, ज्याचा विमा त्याचाच नंबर त्यावर पाहिजे आणि कंपनीचा मेसेज त्याच्याच फोनवर आला पाहिजे. एजंट म्हणाला माझा टाकतो, तुम्हाला कशाला ओटीपीचा त्रास, तर तिथंच थांबा.

अजून एक, पॉलिसी खरीखुरी लांब मुदतीची असती तरी फायदा झाला असता असं नाही. नंतर मी बऱ्याच कंपन्यांच्या अटी वाचल्या. सिंगल ट्रिपची ट्रॅव्हल पॉलिसी साधारण 180 दिवसांपर्यंत मिळते, वाढवून फार तर 360, त्यामुळं 730 दिवसांचा आकडा बघूनच शंका यायला पाहिजे. आणि तिचा हेतू असा असतो की माणूस भारतातून जाणार आणि परत येणार, तिकडं राहायला किंवा अंगमेहनतीच्या कामाला जाणाऱ्यासाठी ती नसतेच. अंगमेहनतीचं काम करताना झालेली इजा बऱ्याच पॉलिसीत सरळ वगळलेली असते, आधीपासूनचा आजारही. घाईत कुणी खरी ट्रॅव्हल पॉलिसी घेऊन दिली तरी तिच्या भरवशावर दोन वर्षं काढता येत नाहीत.

बिल झालं 8,700 दिरहम. दिरहम 23 रुपये धरला तर दोन लाख रुपये. खोलीतल्या पोरांनी वर्गणी काढली, बाकीचं इथून पाठवलं, परत सोनं ठेवून. त्यात व्हिजिटची मुदत संपत आलेली, ती संपल्यावर राहिलं तर दिवसाला 50 दिरहम दंड. दुबईत भारत सरकारचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, तिथल्या आपल्या माणसांसाठी टोल फ्री नंबर 80046342, तिथं फोन केला तर कागदपत्रांबाबत नीट सांगितलं, हे मात्र चांगलं झालं. भाऊजी मुदतीच्या आत परत आले, आता बरे आहेत, उद्यमबागेतच दुसऱ्या ठिकाणी लागलेत.

एजंट तपासायचा कसा ते पण सांगते, कारण मला आता पाठ झालंय. परदेशात कामाला माणसं पाठवायची तर 1983 च्या एमिग्रेशन कायद्याप्रमाणं रजिस्टर्ड रिक्रूटिंग एजंटचं लायसन्स लागतं, आणि ते आहे का ते ई-मायग्रेटच्या साइटवर नाव टाकून कुणालाही बघता येतं. आमचा गडी म्हणायचा मुंबईच्या मोठ्या ऑफिसचं लायसन्स आहे, मी त्यांचा इथला माणूस. सब-एजंट हा प्रकारच कायद्यात बसत नाही. सर्व्हिस चार्ज जास्तीत जास्त 30 हजार आणि वर जीएसटी, त्याची पावती मिळाली पाहिजे. आपल्या कर्नाटकासाठी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं, म्हणजे क्लिअरन्स देणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचं, ऑफिस बेंगळुरूला आहे, "तिकडं जायची गरज नाही, मी बघतो" असं जो म्हणेल त्याच्याकडं मुळात बघायला काही नसतं.

तक्रार देताना थोडी खटपट झाली. पैसे ऑनलाइन गेलेत म्हणून आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, मग स्टेशनला. तक्रार कन्नडमध्ये लिहून घेतात, मी म्हटलं वाचून दाखवा, मगच सही करते, आणि खरंच "विमा" च्या जागी नुसतं "व्हिसाचे पैसे" लिहिलेलं होतं, ते बदलून घेतलं. हा फरक मोठा आहे, कारण व्हिसाचे पैसे म्हटलं की तो म्हणणार व्हिसा दिला, तिकीट दिलं, माणूस गेला, माझं काम संपलं. खोटी पॉलिसी म्हटलं की बनावट कागदाचं कलम लागतं, भारतीय न्याय संहितेतलं नुसतं फसवणुकीचं 318 नाही तर 336 पण. त्यासाठी विमा कंपनीकडून ईमेलवर लेखी घेतलं की या नंबरची पॉलिसी 10 दिवसांचीच होती आणि ही पीडीएफ आमची नाही. त्यांनी लगेच दिलं, त्यांच्या नावाचा प्रश्न होता ना.

तक्रार गेल्यावर एजंटसाहेब घरी आले, कुंद्याचा बॉक्स घेऊन. "मावशी, घरातल्या घरात मिटवू की, 34 हजार उद्या आणून देतो, तेवढी तक्रार मागं घ्या." सासूबाईंनी बॉक्स हातात घेतला नाही आणि म्हणाल्या, दोन लाख बिल कोण देणार रे बाबा? आमचे हे म्हणाले, पॉलिसी तूच बनवलीस असं लिहून दे, मग बसून बोलू. तो लिहून कशाला देतोय. गाडीत बसल्यावर बाहेरून फोन करून परत मलाच समजावत होता की वहिनी, बाईमाणसानं यात पडू नये.

केस चालू आहे. ज्यांच्याकडं त्याची किंवा तसल्या कुणाचीही पॉलिसी आहे त्यांनी कार्डवरच्या नंबरला फोन करू नका, तो नंबर कुणाचा असेल सांगता येत नाही, कंपनीच्या साइटवरचा नंबर घ्या, पॉलिसी नंबर सांगून मुदत आणि रक्कम विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा. ते उत्तर आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट घेऊन तक्रार द्या, माणूस निघायच्या आधी दिली तर पासपोर्ट तरी हातात येईल. पीएसआयनी आम्हाला सरळच सांगितलं की एका घराची तक्रार असली की तो व्यवहार म्हणतो, चार घरांची आली की त्याला तसं म्हणता येत नाही.