ट्रेलर ओढताना इलेक्ट्रिक एसयूव्ही दमते तेव्हा: हिवाळा-उन्हाळा वापरानंतरचा अनुभव

शंभर किलोवॅट-तासांच्या आसपासची बॅटरी, पुढे-मागे एकेक मोटर, 5,000 पौंड ओढायची अधिकृत मुभा, आणि मागे सामानासकट 3,400 पौंडांचा एका अ‍ॅक्सलचा कॅम्पिंग ट्रेलर. कॅलिफोर्नियातले दोन्ही टोकाचे ऋतू काढल्यावर या जोडीबद्दल ठाम सांगता येतं: ओढायला गाडी उत्तम. टॉर्क लगेच मिळतो, चढावर गिअरची शोधाशोध नाही, उतारावर रीजनमुळे (मोटरच गाडीचा वेग रोखून वीज बॅटरीत परत भरते) ब्रेक तापत नाहीत. तरी ‘आता पूर्वीसारखी ओढत नाही’ असं वाटण्याची वेळ येतेच. तेव्हा सगळ्यांचा पहिला संशय मोटरवर जातो, आणि मोटर क्वचितच दोषी असते.

आधी एवढंच ठरवा: गाडी ताकद कमी देतेय, की ट्रेलर जास्त मागतोय? सपाट रस्ता, वारा पडलेला, वेग 55 मैल (कॅलिफोर्नियात ट्रेलरसह कायद्याने कमाल तेवढाच). एरवी किलोवॅट-तासाला 2.8 ते 3 मैल देणाऱ्या या गाडीचा ट्रेलर लावल्यावर 1.5-1.6 हा आकडा निरोगी आहे. तो 1.3 वर घसरला तर दोष मागे, ट्रेलरमध्ये. आकडा नेहमीचाच, पण पेडल पूर्ण दाबूनही पॉवर मीटर अर्ध्यावर अडतोय, तर दोष पुढे, गाडीत.

मागचा दोष बहुतेक वेळा चाकातच सापडतो. दहा-बारा मैल चालवा, शेवटी जमेल तितका कमी ब्रेक लावून थांबा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने ट्रेलरच्या दोन्ही चाकांचे हब (चाकाचा मधला भाग) मोजा. तापमान जवळपास सारखं हवं. एका बाजूला 30-40 अंश सेल्सिअस जास्त दिसलं तर तिथला ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग गेलंय. दुसऱ्या चाकाला दोन्हीकडून अडण लावून ते चाक जॅकवर उचला आणि हाताने फिरवा. गाडी आणि ट्रेलर जोडणारा सात पिनांचा प्लग लावल्यावर जड आणि काढल्यावर मोकळं असेल तर निळ्या वायरमध्ये, म्हणजे ब्रेकच्या लाइनमध्ये, नको तेव्हा करंट जातोय: गाडीतला ट्रेलर-ब्रेकचा कंट्रोलर तपासा, मग काळी (12 व्होल्ट पुरवठ्याची) आणि निळी वायर कुठे घासून एकमेकींना लागलीय का बघा. प्लग काढूनही जड असेल तर ब्रेकअवे स्विचकडे जा (ट्रेलर गाडीपासून सुटला तर आपोआप ब्रेक लावणारा). त्याची पिन अर्धवट बाहेर आली असेल तर ट्रेलरची स्वतःचीच बॅटरी ब्रेक धरून बसते. हे फार लोकांच्या लक्षात येत नाही. तिथेही काही नसेल तर ड्रमच्या मागच्या खाचेतून अ‍ॅडजस्टरचं दातेरी चाक फिरवून आधी पुरतं आवळा, मग चाक मोकळं फिरून लायनिंग जेमतेम घासल्याचा आवाज येईपर्यंत सैल करा. फिरवताना खरखर आली तर बेअरिंग.

ट्रेलरच्या टायरचा दाब थंड असताना साइडवॉलवर छापलेल्या कमाल आकड्याइतका ठेवा. गाडीच्या टायरच्या सवयीने 35 पीएसआय भरलं की रेंज जाते आणि टायरही तापतो.

टंग वेट (ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा गाडीच्या हिचवर, म्हणजे जोडणीवर, पडणारा भार) ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के, म्हणजे इथे 340 ते 510 पौंड. हिचची स्वतःची मर्यादा त्याहून कमी असेल तर तीच पाळायची. पाण्याची टाकी अ‍ॅक्सलच्या मागे असलेल्या ट्रेलरमध्ये 30 गॅलन पाणी भरलं की मागे 250 पौंड वाढतात, टंग हलका होतो आणि ट्रेलर डोलू लागतो. डोलणं जाणवताच गाडीची स्टॅबिलिटी प्रणाली ब्रेक लावते आणि मोटरचा टॉर्क कापते. चालकाला वाटतं पॉवर गेली! टंग फार जड झाला तर उलटं: मागचा भाग बसतो, पुढची चाकं हलकी होतात आणि ओल्या चढावर ट्रॅक्शन कंट्रोल हात आखडता घेतं.

आता पुढचा दोष. सॅक्रामेंटोहून आय-80 महामार्गाने डॉनर समिट ही डोंगरातली खिंड गाठायची म्हणजे सुमारे 7,200 फूट चढाई. सगळं मिळून 4,400 किलो वर न्यायला नुसत्या उंचीचे 26 किलोवॅट-तास लागतात, वाटेतली गळती धरून 30 च्या आसपास. हवेचा विरोध वेगळाच. सहा टक्के चढावर 55 मैलांनी सतत जवळपास 100 किलोवॅट लागतात, 45 ला साधारण 76. जाहिरातीतला पॉवरचा आकडा काही सेकंदांचा असतो, सतत देण्याची क्षमता त्याहून बरीच कमी. म्हणून उन्हाळ्यात फास्ट चार्जरवरून काढून थेट चढाला लावू नका. बॅटरी आधीच तापलेली असते आणि तिला थंड करणारा कॉम्प्रेसर केबिनच्या एसीलाही तोच. पंधरा मिनिटं थांबा, पहिले काही मैल 45 ने चढा. तरीही पॉवर कापली तर ग्रिलच्या झडपा अडकल्यात का आणि कंडेन्सरवर किड्यांचा थर साचलाय का ते पाहा. कूलंट कमी दिसलं तर साधा कूलंट ओतू नका; काही गाड्यांना कमी वीजवाहक असलेला खास कूलंटच चालतो.

हिवाळ्यात प्रकार वेगळा. रात्रभर गोठणबिंदूखाली उभी असलेली बॅटरी पूर्ण पॉवरही देत नाही आणि रीजनही घेत नाही. चार्जरचा प्लग लावलेला असतानाच प्रीकंडिशनिंग करा, म्हणजे निघण्याआधी बॅटरी गरम करून घ्या. चार्ज 20 टक्क्यांच्या खाली असताना मोठा चढ सुरू करू नका, आणि 100 टक्क्यांवर मोठा उतार तर नाहीच. तेव्हा रीजन जवळजवळ शून्य असतं आणि सगळा भार ब्रेकवर पडतो.

ट्रेलर मोड आपोआप लागला नाही तर प्लगमधल्या हिरवट गंजलेल्या पिना पुसा, विशेषतः पांढऱ्या वायरची अर्थ पिन, आणि 12 व्होल्टची बॅटरी तपासून घ्या.

सर्व्हिस सेंटरला जाताना ओबीडी डोंगलवरून (गाडीच्या निदान-सॉकेटमध्ये लावायचं छोटं उपकरण) पॉवर कापली गेली त्या क्षणाच्या नोंदी घेऊन जा: चार्ज टक्के, बॅटरीचं कमाल तापमान, इन्व्हर्टरचं (बॅटरीची वीज मोटरला लागेल तशी बदलणारा भाग) तापमान, बॅटरीने परवानगी दिलेली कमाल पॉवर, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी व्होल्टेजच्या सेलमधला फरक. ट्रेलर सोडून नेलेल्या गाडीत हा दोष सहसा दिसतच नाही.