आजारी माणसाला मुलांचं पत्र: 50 पैशांचं पोस्टकार्ड कितपत कामाचं?

दुकानातल्या चकचकीत ‘गेट वेल सून’ कार्डापेक्षा मुलांच्या हातात टपाल खात्याचं साधं पोस्टकार्ड द्यावं. किंमत 50 पैसे, आकार 14 बाय 9 सेंटिमीटर. मोठं अक्षर काढणाऱ्या दुसरी-तिसरीतल्या मुलाची पाच-सहा ओळींत जागा संपते, म्हणून कंटाळा येत नाही.

कागद मात्र शाई पितो. स्केचपेन मागे उमटतं, जेलपेन ओल्या बोटानं फिसकटतं. बॉलपेन आणि रंगीत पेन्सिली उत्तम. चमकी नकोच: ती अंथरुणात सांडते, वर चिकटवलेलं काही वाटेत निघतं. पत्त्याच्या बाजूचा उजवा अर्धा भाग मोकळा ठेवून तिथे पत्ता आणि सहा आकडी पिनकोड मोठ्यांनीच लिहावा. पत्ता घरचा द्या. दवाखान्यात कार्ड पोचेपर्यंत पेशंटला बहुधा डिस्चार्ज मिळालेला असतो.

मोठा दोष म्हणजे उघडा मजकूर. आजाराचं नाव लिहू देऊ नका; लिहायचंच असेल तर घडी घालून चिकटवायचं आंतर्देशीय पत्र घ्या.

‘लवकर बरे व्हा’ फळ्यावरून उतरवायला लावलं की सगळी कार्डं सारखीच. त्याऐवजी ‘आजोबा, तुमच्या जास्वंदीला तीन कळ्या आल्यात, पाणी मी घालतोय’ अशी खरी बातमी लिहायला सांगा. आणि पाणी खरंच घालतोय ना, तेही बघा.